पाठपुरावा कसा करावा: वॉर्डातील आणि गावातील स्वयंसेवकांसाठी सविस्तर मार्गदर्शक

नागरी प्रश्नांवर काम करू इच्छिणारी माणसे महाराष्ट्रात कमी नाहीत. अडचण अशी आहे की त्यांतील बहुतेक जण निर्णय होऊन गेल्यावर पोहोचतात. झाडावर करवत चालू लागली की लोक जमतात, रस्ता खोदला की निवेदन दिले जाते आणि अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर आपल्या भागासाठी त्यात काहीच धरलेले नाही हे लक्षात येते. तोवर कागदावर सह्या झालेल्या असतात आणि समोरच्या अधिकाऱ्याची इच्छा असली तरी त्याचे हात बांधलेले असतात. कागद अजून फिरत असताना तो कोणत्या टेबलावर आहे, तिथून तो केव्हा पुढे सरकणार आहे आणि त्याआधी आपले म्हणणे त्या नस्तीत, म्हणजे कार्यालयाच्या फाइलमध्ये, कसे लागेल, हे शोधणे म्हणजे पाठपुरावा. हा लेख त्या कामाच्या पायऱ्या सांगण्यासाठी आहे. तो संस्था, निधी किंवा ओळखी नसलेल्या तीन-चार जणांच्या गटासाठी लिहिला आहे, कारण माझ्या अनुभवात बहुतेक चांगली कामे अशाच गटांनी केली आहेत.

प्रश्न लहान करून घ्या

पहिल्या बैठकीत सहसा दहा-बारा विषय निघतात: कचरा, पाणी, खड्डे, मोकाट कुत्री, बंद दिवे, उघडी गटारे. सगळेच खरे असतात आणि सगळेच हाती घेतले तर एकही तडीस जात नाही. त्यातून एकच प्रश्न निवडावा आणि तो निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. त्या प्रश्नाची जागा बोट ठेवून दाखवता आली पाहिजे, त्याबाबत निर्णय घेणारे कार्यालय निश्चित सांगता आले पाहिजे आणि प्रश्न सुटला की नाही हे मोजून ठरवता आले पाहिजे. ‘शहरातील पदपथांची दुरवस्था’ हा लेखाचा विषय झाला. ‘अमुक शाळेच्या फाटकापासून अमुक चौकापर्यंतचा डाव्या बाजूचा पदपथ’ हा कामाचा विषय झाला.

आमच्या गटाने हाच विषय घेतला होता, म्हणून पुढे तेच उदाहरण वापरतो. शाळा सुटल्यावर मुले पदपथ सोडून रस्त्यावरून चालत आणि सर्वांचा समज असा होता की भाजीवाल्यांमुळे तसे होते. आम्ही एका रविवारी सकाळी टेप, खडू आणि वही घेऊन गेलो. भारतीय रस्ते महासभेच्या (इंडियन रोड्स काँग्रेस, रस्त्यांचे मानदंड ठरवणारी संस्था) पादचारी सुविधांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार निवासी भागात पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर अडथळामुक्त रुंदी हवी आणि पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. आमच्या टेपवर शाळेच्या फाटकापासून थोड्याच अंतरावर, विजेच्या डीपी बॉक्सपाशी, मोकळी जागा जेमतेम ७० सेंटिमीटर भरली. दप्तर पाठीवर घेतलेले मूल तिथून सरळ जाऊच शकत नव्हते. त्याच ठिकाणी एक आजी कठड्याला धरून, एक पाय आधी खाली टेकवून, आडव्या होत रस्त्यावर उतरल्या; पदपथाची कड त्यांच्या गुडघ्याच्या निम्म्या उंचीपर्यंत येत होती. भाजीवाल्या बाई त्या जागेपासून बऱ्याच पुढे, पदपथ रुंद होता तिथे बसत होत्या. त्या एका सकाळने आमची मागणी बदलली. मोजमाप न करता निवेदन दिले असते तर आम्ही एका बाईचा रोजगार काढून घेण्याची मागणी केली असती आणि मुले तरीही रस्त्यावरूनच चालली असती.

म्हणून मोजमाप ही पायरी कधीही गाळू नये. छायाचित्रात टेपवरचे आकडे वाचता यावेत, मागे ओळखीची खूण दिसावी, आणि तारीख व वेळ वहीत त्याच जागी लिहावी. घरी येऊन आठवणीवर लिहिलेली नोंद वर्षभराने कोणी प्रश्न विचारला की तग धरत नाही.

हा प्रश्न कोणाचा, हे ठरवा

शहरातील सगळे रस्ते महानगरपालिकेचे नसतात. काही सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, काही राष्ट्रीय महामार्ग म्हणून केंद्राच्या यंत्रणेकडे, काही औद्योगिक विकास महामंडळाकडे. पुण्यासारख्या शहरात छावणी परिषदेची हद्द वेगळी असते. ग्रामीण भागात साधारणपणे राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. चुकीच्या कार्यालयाला दिलेले उत्तम निवेदनही ‘सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही’ या एका ओळीत संपते आणि त्यात दोन महिने जातात.

पदपथासारख्या साध्या विषयातही पदपथ महानगरपालिकेचा, डीपी बॉक्स वीज कंपनीचा, वाहतुकीचा फलक वाहतूक पोलिसांच्या सूचनेवरून लावलेला आणि झाड उद्यान विभागाच्या नोंदीतील, असे चार धनी निघाले. अशा वेळी चौघांना चार वेगळी निवेदने देण्याऐवजी ज्याच्या जमिनीवर प्रश्न आहे त्याला मुख्य निवेदन द्यावे, उरलेल्यांना त्याची प्रत द्यावी आणि संयुक्त स्थळपाहणीची मागणी करावी. ‘संयुक्त स्थळपाहणी’ हे शब्द लक्षात ठेवावेत. चार विभागांचे लोक एकाच वेळी त्या ७० सेंटिमीटरच्या जागेपुढे उभे राहिले की जबाबदारी दुसऱ्यावर ढकलणे अवघड होते.

वेळापत्रक हातात ठेवा

या कामात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी पायरी हीच आहे आणि सर्वांत जास्त दुर्लक्ष तिच्याकडेच होते. प्रत्येक निर्णयाला एक काळ असतो, ज्यात नागरिकाचे म्हणणे ऐकणे हे कार्यालयाचे कर्तव्य असते. तो काळ उलटला की तेच म्हणणे ऐकणे ही मेहेरबानी होते.

महानगरपालिकेचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होत असले तरी त्यासाठीच्या कामांच्या याद्या त्याआधीच्या पावसाळ्याच्या अखेरीपासून तयार होऊ लागतात. आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवतात, तिथून ते मुख्य सभेकडे जाते. त्या वेळी वर्तमानपत्रांत चर्चा सुरू होते आणि नागरिक जागे होतात. खरे पाहता आपली मागणी दिवाळीपूर्वीच क्षेत्रीय कार्यालयाच्या प्रस्तावात आलेली असली पाहिजे. पुणे महानगरपालिकेने २००६ पासून नागरिकांच्या सहभागाने अंदाजपत्रक करण्याची पद्धत सुरू केली. तीत पदपथ, बाकडी, बसथांबे, दिवे अशी लहान कामे नागरिक ठरावीक अर्जावर सुचवतात आणि हे अर्ज बहुधा पावसाळ्याच्या उत्तरार्धात मागवले जातात. आपल्या शहरात अशी सोय नसली तरी त्याच सुमारास, कामाची जागा, लांबी, रुंदी आणि अंदाजे खर्च नमूद करून तसाच अर्ज द्यायला कोणाची हरकत नसते.

विकास आराखड्याची गोष्ट वेगळी आहे, कारण तो वीस वर्षांसाठीचा असतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचना मागवाव्या लागतात आणि त्या देणाऱ्यांना नियोजन समितीपुढे सुनावणी मिळते. मुंबईत फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रारूप आराखड्यावर हजारो हरकती आल्या. नागरिकांनी आपापल्या गल्लीचा नकाशा उघडून रस्ता, मंदिर, चर्च, शाळा कुठे चुकीची दाखवली आहे ते एकेक करून दाखवले, आणि एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारला तो आराखडा दुरुस्त करून नव्याने मांडण्याचा आदेश द्यावा लागला. सुधारित आराखडा पुढच्या वर्षी आला. शेजारच्या गोव्यात २०११ साठीच्या प्रादेशिक आराखड्याविरुद्ध असाच गावोगावचा विरोध संघटित झाला आणि २००७ मध्ये सरकारने तो मागे घेतला. या दोन्ही ठिकाणी सर्वसामान्य माणसे नकाशा वाचायला शिकली, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. आपल्या भागाचे पान मोठ्या कागदावर छापून घ्यावे, त्यावर प्रत्यक्षातील जागा पेन्सिलीने लिहाव्यात आणि प्रत्येक चुकीसाठी सर्वेक्षण क्रमांकासह स्वतंत्र हरकत द्यावी. पाचशे सह्यांची एकच मोघम हरकत बहुधा एक हरकत म्हणून मोजली जाते.

झाडांच्या बाबतीत मुदत फारच कमी असते. नागरी क्षेत्रातील झाडांविषयीच्या १९७५ च्या कायद्यानुसार झाड तोडण्याच्या अर्जावर जाहीर सूचना द्यावी लागते आणि हरकतीसाठी सात दिवस मिळतात. ही सूचना झाडावरही लावलेली असते. आपल्या गटातील एकाने आठवड्यातून एकदा ठरलेल्या रस्त्यांवरून फेरी मारून झाडांचे बुंधे पाहावेत, इतके साधे काम येथे उपयोगी पडते.

गावात ग्रामसभा हे सर्वांत मोठे व्यासपीठ आहे आणि ते वाया घालवले जाते याचे मला दुःख आहे. आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे दिवस सर्वांच्या परिचयाचे आहेत. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितके मतदार लागतात. त्याआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे आणि तिथे झालेल्या शिफारशी ग्रामसभेपुढे येतात, म्हणून पाणी, शौचालय, अंगणवाडी यांसारखे विषय आधी महिला सभेत मांडावेत. विषयपत्रिकेत आपला विषय यावा यासाठी सूचना निघण्यापूर्वीच ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे लेखी मागणी द्यावी. आयत्या वेळच्या विषयांत मांडलेला मुद्दा बहुधा घाईत जातो. ठराव झाला की इतिवृत्तात त्याचे शब्द काय लिहिले गेले ते पाहावे आणि नक्कल मागावी, कारण सभेत काय बोलले गेले यापेक्षा वहीत काय उतरले यावर पुढचे सगळे अवलंबून असते. पुढील वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा बहुधा ऑक्टोबरपासून आकार घेऊ लागतो, त्यामुळे २ ऑक्टोबरची सभा चुकवू नये.

माहिती मागवा, पण नेमकी

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू आहे. महाराष्ट्रात अर्जासोबत १० रुपये शुल्क भरावे लागते, ते कोर्ट फी तिकिटाच्या रूपानेही चालते, आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते माफ आहे. राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर सामान्यतः १५० शब्दांपेक्षा अधिक नसावा. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. चुकीच्या कार्यालयाकडे अर्ज गेल्यास त्याने तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे वर्ग करावयाचा असतो.

अर्ज फेटाळला जाण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे त्यात प्रश्न विचारलेले असतात. ‘पदपथाचे काम निकृष्ट का झाले?’ या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही नस्तीत लिहिलेले नसते आणि माहिती अधिकारी केवळ अभिलेखात असलेलीच माहिती देऊ शकतो. त्याऐवजी असे लिहावे: ‘अमुक शाळा ते अमुक चौक या रस्त्यावरील पदपथाच्या, दिनांक अमुक ते अमुक या कालावधीतील कामाचा कार्यादेश, मंजूर अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने, कामाच्या दर्जाचे चाचणी अहवाल आणि दोषदायित्व कालावधी दर्शवणाऱ्या अटीची प्रत मिळावी.’ प्रत्येक शब्दाला एक कागद चिकटलेला आहे, हे या वाक्याचे बळ आहे. कार्यादेशावरून ठेकेदार व मुदत कळते, मोजमाप पुस्तिकेवरून किती रुंदीच्या कामाचे पैसे दिले गेले ते कळते आणि दोषदायित्व कालावधीवरून दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करावयाची आहे की नव्या निविदेची वाट पाहायची, हे ठरते.

प्रती मागण्याआधी अभिलेख प्रत्यक्ष पाहण्याची मागणी करावी. तोही कायद्याने दिलेला हक्क आहे. पुणे महानगरपालिकेत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू देण्याची पद्धत सुरू झाली आणि २०१८ मध्ये राज्य शासनाने ती जिल्हा पातळीवरील कार्यालये व स्थानिक स्वराज्य संस्थांना लागू करण्याचा आदेश काढला. नस्ती समोर आली की डाव्या बाजूची टिपणी आधी वाचावी. कोणत्या तारखेला कोणी काय शेरा मारला आणि नस्ती किती दिवस कोणाकडे थांबली, हे तिथेच दिसते.

उत्तर न आल्यास किंवा अपुरे आल्यास ३० दिवसांच्या आत पहिले अपील करावे. राज्यात त्यासाठी २० रुपये शुल्क आहे. दुसरे अपील ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे करता येते, परंतु तिथली सुनावणी लागायला पुष्कळ काळ जातो. म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीला तयारीनिशी स्वतः हजर राहावे. तिथे माहिती अधिकारी आणि त्याचा वरिष्ठ दोघेही समोर असतात आणि अनेकदा कागद त्याच टेबलावर मिळतो.

एक गोष्ट गंभीरपणे सांगितली पाहिजे. तळेगाव दाभाडे येथील माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची जानेवारी २०१० मध्ये हत्या झाली. जमिनीचे व्यवहार, वाळू, अवैध बांधकाम किंवा मोठे ठेके यांविषयीची माहिती एकट्याने, आपल्या घरच्या पत्त्यावरून कधीही मागू नये. एकच अर्ज वेगवेगळ्या भागांतील चार-पाच जणांनी द्यावा, मिळालेले कागद त्याच दिवशी गटातील सर्वांकडे पोहोचवावेत आणि धमकी आल्यास लगेच लेखी तक्रार द्यावी. नवख्या गटाने असा विषय पहिला म्हणून घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

निवेदन असे लिहा

निवेदन एका पानाचे असावे. वर पदनामाने संबोधन, त्याखाली विषय, मग संदर्भ, म्हणजे आधीच्या पत्रांचे आवक क्रमांक व तारखा, आणि त्यानंतर तीन परिच्छेद पुरेसे होतात. पहिल्या परिच्छेदात वस्तुस्थिती मोजमापासह द्यावी, दुसऱ्यात ती कोणत्या नियमाशी विसंगत आहे ते सांगावे आणि तिसऱ्यात मागणी करावी. आमच्या पहिल्या निवेदनाचा शेवट ‘तरी आपण जातीने लक्ष घालून लवकरात लवकर योग्य ती कार्यवाही करावी, ही नम्र विनंती’ असा होता. या वाक्याला उत्तर म्हणून ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे’ इतकेच लिहून आले, आणि ते चूकही नव्हते. दुसऱ्या निवेदनात आम्ही लिहिले: ‘शाळेच्या फाटकाजवळील डीपी बॉक्स पदपथाच्या कडेस हलवण्यासाठी वीज कंपनी, पथ विभाग व वाहतूक शाखा यांची संयुक्त स्थळपाहणी १५ दिवसांत आयोजित करावी आणि तिची तारीख आम्हाला लेखी कळवावी.’ या मागणीला हो किंवा नाही असेच उत्तर देता येते.

निवेदन मराठीतच लिहावे. ते आवक कक्षात देऊन आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि क्रमांक घ्यावा. साहेबांच्या हातात दिलेले आणि आवक क्रमांक नसलेले पत्र कार्यालयाच्या दृष्टीने आलेलेच नसते. ही छोटी बाब पुढच्या प्रत्येक पायरीचा आधार आहे, कारण स्मरणपत्र, अपील, लोकशाही दिनातील, म्हणजे नागरिकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी ठरलेल्या शासकीय दिवसाचा, अर्ज आणि न्यायालयातील शपथपत्र या सगळ्यांत पहिला प्रश्न ‘मूळ अर्ज केव्हा दिला?’ हाच असतो.

भेटीला तिघांनी जावे. एकाने बोलावे, एकाने लिहावे आणि तिसरी व्यक्ती ज्यांना तो प्रश्न रोज सोसावा लागतो त्यांच्यातील असावी. आमच्याबरोबर त्या आजी आल्या होत्या आणि त्यांच्या दोन वाक्यांनी आमच्या सगळ्या छायाचित्रांपेक्षा अधिक काम केले. कनिष्ठ अभियंत्याला टाळून थेट आयुक्तांकडे जाण्याचा मोह आवरावा. प्रस्ताव शेवटी त्याच कनिष्ठ अभियंत्याच्या टेबलावरून निघतो, त्याच्याकडे एकाच वेळी अनेक कामे असतात, आणि मोजमाप, नकाशा व छायाचित्रे आयती हातात पडली तर आपला प्रस्ताव तयार करणे त्याला सोपे जाते. परत आल्यावर त्याच संध्याकाळी भेटीत काय ठरले याचे चार ओळींचे पत्र पाठवावे: ‘आज झालेल्या चर्चेत आपण पुढीलप्रमाणे आश्वासन दिले.’ तोंडी शब्द कागदावर आणण्याचा याहून सभ्य मार्ग मला माहीत नाही.

जे बैठकीला येत नाहीत, त्यांच्याकडे जा

सोसायटीच्या सभागृहातील रविवारच्या बैठकीला घरकामाच्या मावशी, रिक्षाचालक, पथारीवाले, भाडेकरू आणि चाकाच्या खुर्चीवर असलेली माणसे येत नाहीत. त्यांच्याशिवाय ठरलेली मागणी ही शेजाऱ्यांच्या एका गटाची सोय असते, तिला वॉर्डाचे म्हणणे म्हणू नये. भाजीवाल्या बाईंशी आम्ही त्यांच्या पाटीशेजारी बसून बोललो, तेव्हा कळले की डीपी बॉक्समुळे रस्त्यावर उतरणारी मुले त्यांच्या डोळ्यांपुढे दोनदा दुचाकीच्या धक्क्याने पडली होती, आणि आमच्या अर्जावरची पहिली सही त्यांचीच झाली. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे आणि त्यानुसार नेमल्या जाणाऱ्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेते असावे लागतात. पदपथाच्या प्रश्नावर काम करणाऱ्यांनी या समितीची बैठक केव्हा होते याची चौकशी ठेवावी आणि ‘अतिक्रमण हटवा’ असे सरसकट लिहिणे टाळावे.

एकत्र विचार करण्याची एक उत्तम पद्धत गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने घालून दिली आहे. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा सर्वांना ठाऊक असते, पण तिच्यामागचा अभ्यासगट तितका ठाऊक नसतो. तिथे अभ्यासगटात विषय समजून घेतला जातो, जाणकारांना बोलावून प्रश्न विचारले जातात, परंतु निर्णय घेतला जात नाही. निर्णय ग्रामसभेत आणि सर्वसहमतीने होतो. शहरातील गटांनीही समजून घेण्याची बैठक आणि ठरवण्याची बैठक वेगळी ठेवली तर अर्धी भांडणे होणारच नाहीत.

नगरसेवक, वर्तमानपत्र आणि समाजमाध्यमे

नगरसेवकांना लवकर भेटावे आणि सर्व पक्षांच्या नगरसेवकांना भेटावे. २०२२ नंतर अनेक महानगरपालिकांत काही वर्षे प्रशासकांचा कारभार होता. त्या काळात बाजू मांडायला सभागृहच नव्हते आणि लोकनियुक्त प्रतिनिधीचे मोल तेव्हा आम्हाला नव्याने कळले. मात्र गटाचे नाव कोणाच्या फलकावर जाऊ देऊ नये आणि गटातील कोणी निवडणूक लढवणार असेल तर त्याने आधी गटातून बाजूला व्हावे.

वर्तमानपत्राकडे आवक क्रमांक, मोजमाप आणि छायाचित्र हाती असतानाच जावे. समाजमाध्यमांवर जागेविषयी लिहावे, माणसाविषयी लिहू नये. ‘अमुक अभियंत्याने पैसे खाल्ले’ असे पुराव्याविना लिहिणे अन्यायाचे आहे आणि त्यावर बदनामीचा खटलाही होऊ शकतो. कार्यालयात आवाज चढवणे, कागद हिसकावणे, दार अडवून उभे राहणे या गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. शासकीय कामात अडथळा आणल्याचा गुन्हा, जो पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम ३५३ म्हणून ओळखला जाई आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ मध्ये आहे, एकदा दाखल झाला की मूळ प्रश्न बाजूला पडून गटाची वर्षे तारखांना हजर राहण्यात जातात. मोर्चा किंवा धरणे ठरल्यास पोलिसांची परवानगी घ्यावी आणि जमावबंदीचा आदेश लागू आहे का ते आधी विचारावे.

दाद न मिळाल्यास

दोन स्मरणपत्रांनंतरही उत्तर आले नाही तर लोकशाही दिनाचा मार्ग घ्यावा. जिल्हाधिकारी कार्यालयात आणि महानगरपालिकेत तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी होतो. अर्ज विहित नमुन्यात आणि आगाऊ द्यावा लागतो, म्हणून निदान तीन आठवडे आधी चौकशी करावी. दाखला, नोंद, परवाना यांसारखी अधिसूचित सेवा अडली असेल तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अधिक उपयोगी ठरतो, कारण त्यात प्रत्येक सेवेला मुदत आणि अपिलाची व्यवस्था आहे. शासकीय कार्यालयांसाठी २००५ चा दफ्तर दिरंगाई प्रतिबंधक कायदाही आहे, ज्यानुसार सामान्यतः कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ प्रलंबित राहू नये. स्मरणपत्रात त्याचा सौम्य उल्लेख पुरेसा असतो.

जनहित याचिका हा शेवटचा मार्ग आहे. मुंबई उच्च न्यायालयाने रस्त्यांवरील खड्ड्यांची २०१३ मध्ये स्वतःहून दखल घेतली आणि चांगले रस्ते व पदपथ हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. तरीही त्याच विषयावर २०२५ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावे लागले. निकालानंतरही वॉर्डात टेप घेऊन फिरणारी माणसे लागतातच, आणि याचिकेचा पायाही त्यांच्याच वहीत असतो.

काम टिकवण्यासाठी

डीपी बॉक्स हलवायला आम्हाला चौदा महिने लागले. पदपथाची उंची अद्याप पुरती उतरलेली नाही. इतक्या काळात गटातील एकाची बदली झाली, एकीच्या घरी आजारपण आले आणि काम थांबले नाही ते केवळ नस्ती नीट ठेवली होती म्हणून. कार्यालयाप्रमाणे आपलीही नस्ती असावी: सर्व पत्रे तारखेच्या क्रमाने, पहिल्या पानावर अनुक्रमणिका, प्रत्येक भेटीची अर्ध्या पानाची नोंद आणि शेवटी ‘पुढील तारीख व जबाबदार व्यक्ती’ असा एक रकाना. सर्व पानांची छायाचित्रे दुसऱ्या एका घरी असावीत. जबाबदारी दर सहा महिन्यांनी बदलावी आणि नव्या व्यक्तीने पहिली भेट जुन्या व्यक्तीसोबत करावी, म्हणजे कार्यालयातील ओळख एकाच माणसाची राहत नाही.

काम पूर्ण झाले असे वाटल्यावर पुन्हा टेप घेऊन जावे आणि त्याच खडूच्या खुणांपाशी मोजावे. दोषदायित्व कालावधी संपण्याची तारीख कार्यादेशातून काढून नस्तीच्या मुखपृष्ठावर लाल शाईने लिहावी, पहिल्या मोठ्या पावसानंतर पाहणी करावी, आणि कुठे फरशी खचलेली किंवा पाणी साचलेले दिसले तर त्या तारखेच्या आत छायाचित्रासह पत्र देऊन आवक क्रमांक घ्यावा, म्हणजे दुरुस्तीचा खर्च ठेकेदारावर राहील आणि पुढच्या अंदाजपत्रकात आपल्या भागाचा पैसा दुसऱ्या कामासाठी मागता येईल.